जुन्या दप्तरात खापरपणजोबांचा शोध
(द्वितीय वर्ष, कला)

परळच्या आमच्या चाळीतील खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत आजोबांचे गिरणीचे तिकीट, खोलीच्या भाडेपावत्या, जुने रेशनकार्ड, फंडाच्या हिशेबाचा कागद आणि गावी पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्यांची एक चवड आहे. जमिनीचा मात्र एकही कागद तीत नाही. असे असूनही आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पावसाळ्याची पहिली सर आली की आजोबा खिडकीशी बसून म्हणत, "बाय, बावीचा मळा आपला व्हता. खोतानं खाल्लान."

हा मळा आजोबांनी स्वतः कधी कसला नाही. त्यांच्या वडिलांनीही नाही. तरी मळ्याची बांधबंदिस्ती, तेथील विहीर, तेथे पिकणारे भात यांचे वर्णन ते डोळ्यांपुढे असल्यासारखे करीत. खोताच्या घराण्यातील कोणी गावच्या देवळात भेटले तर आजोबा मान फिरवत. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी प्रत्येकाला आपल्या कुटुंबाविषयी एक लहान प्रकल्प करण्यास सांगितले. मी ठरविले की मळ्याच्या गोष्टीचाच शोध घ्यावा. वडिलांनाही ते आवडले. कागद सापडला तर जमिनीत काही हिस्सा मिळेल, अशी आशा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी बोलून दाखविली नाही, पण प्रत्येक खेपेच्या एस.टी.च्या भाड्याचे पैसे त्यांनी न मागता दिले.

हा शोध कसा घेतला, कोणत्या दप्तरात काय सापडते आणि शेवटी काय हाती आले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे आजोबा-पणजोबा कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला आले. त्यांच्या घरातही असा एखादा ‘मळा’ असेलच. त्यांना या लेखाचा उपयोग व्हावा हा हेतू आहे. घरच्या माणसांची व गावाची नावे छापू नयेत असे वडिलांनी सांगितल्यामुळे ती दिलेली नाहीत. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खोत, धारेकरी आणि कूळ

कागद वाचण्याआधी त्यांतील शब्द समजले पाहिजेत. पहिले दोन महिने माझा घोटाळा झाला तो याचमुळे. सातारा-पुण्याकडे सरकार आणि शेतकरी यांच्यात सारा वसूल करण्याची रयतवारी पद्धत होती. रत्नागिरी आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) या जिल्ह्यांतील पुष्कळशा गावांत मात्र मध्ये खोत असे. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची आणि त्याच्या मोबदल्यात गावच्या कुळांकडून वसूल करण्याचा हक्कही त्याचाच. भाताच्या जमिनीत बहुधा निम्मे पीक खोताला द्यावे लागे. त्याला अर्धेल म्हणतात. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा जाई, ती तिर्धेल. शिवाय वेठ असे. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या घरी फुकट राबण्याची रीत कित्येक गावांत होती. तेव्हा ‘खोताने खाल्ले’ हे वाक्य कोकणात घरोघर ऐकू येते, यात नवल नाही.

या गोंधळात कोणाचा हक्क काय, हे ठरविण्यासाठी सरकारने १८८० साली खोती सेटलमेंट कायदा केला. त्यानुसार खोती गावातील जमीन धारण करणाऱ्यांचे वर्ग पाडण्यात आले. आपल्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे. एक धारेकरी. तो खोताला फक्त सरकारी धारा देई, पिकाचा वाटा देत नसे. त्याची जमीन वारसाने पुढे जाई आणि ती विकण्याचा, गहाण टाकण्याचाही त्याला अधिकार असे. म्हणजे व्यवहारात तो मालकच. दुसरा वर्ग कायम कुळाचा. त्याचाही हक्क वारसाने चाले, पण खोताच्या संमतीवाचून त्याला जमीन दुसऱ्याच्या नावे करता येत नसे. हे सर्व ज्या नोंदवहीत लिहिले गेले तिला बोटखत म्हणतात. कोकणातील खोती गावांत पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने हा शब्द पाठच करावा.

मग ही पद्धत गेली कशी, तेही थोडक्यात सांगते. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. त्याआधी १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप केला होता व तो कित्येक वर्षे चालला. शेवटी १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि १५ मे १९५० पासून तो अमलात आला.

कागदांची साखळी

शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. हा धडा मला गावच्या एका निवृत्त तलाठ्यांनी शिकविला. मी सुरुवातीलाच शंभर वर्षांपूर्वीचे कागद मागत होते, म्हणून एका कचेरीत मला दोनदा परत पाठविण्यात आले. ते म्हणाले, "पोरी, तुला सर्व्हे नंबर माहीत नाही, मग तो कारकून तरी कोणता रुमाल सोडणार?" पूर्वी दप्तर कापडी रुमालात बांधून ठेवीत, म्हणून अजूनही ‘रुमाल’ हा शब्द चालतो.

नंबर कसा शोधावा? आजोबांना नंबर माहीत नव्हता, नाव माहीत होते. सातबाऱ्याच्या उताऱ्यात शेताचे स्थानिक नाव लिहिण्याची जागा असते. गावच्या सातबाऱ्यांतून ‘बावीचा मळा’ हे नाव शोधण्यात आमचे दोन दिवस गेले, पण ते सापडले. आता तो उतारा कोणाच्या नावावर असावा? खोताच्या घराण्याच्या नावावर असणार अशी माझी खात्रीच होती. तसे नव्हते. शेजारच्या वाडीतील एका शेतकरी कुटुंबाच्या नावावर तो मळा आहे. आजोबा त्या घरी लग्नकार्याला जेवून आलेले आहेत.

सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमिनीवरचे नाव का बदलले याचे कारण तीत चारदोन ओळींत लिहिलेले असते. खरेदी, वारस, वाटणी, गहाण, कोर्टाचा हुकूम, जे असेल ते. एका फेरफारातून त्याआधीच्या फेरफाराचा पत्ता लागतो. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढावे तसे हात मागे मागे न्यावे लागतात. ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले तेथे जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ आधी घालून घ्यावा, नाहीतर भलत्याच शेताचा इतिहास हाती येतो. आता काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख संगणकावरही पाहता येतात; पण अक्षर पुसट असले तर मूळ कागदाला पर्याय नाही.

आमच्या मळ्याचे फेरफार असे निघाले. आजचे कुटुंब मालक झाले ते कूळ कायद्याने. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. पुढे कलम ३२-ग खाली किंमत ठरून त्यांना ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. त्यांच्या आधी मालक म्हणून जे नाव होते ते खोताचे नव्हते. ते नाव आमच्याच आडनावाचे होते. आमच्या खापरपणजोबांचे चुलतभाऊ. आणि त्यांचे नाव कसे लागले याचे कारण फेरफारात एका ओळीत होते: दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून लिलावात खरेदी. पुढे मुकदम्याचा नंबर आणि साल होते, १९३४.

ती ओळ मी तीनदा वाचली. वडील बाजूला उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. आम्ही नक्कल घेतली आणि बाहेर येऊन चहा प्यायलो.

कोर्टाचे दप्तर

इंग्रजी अमलात तालुक्याच्या गावी दिवाणी दाव्यांसाठी दुय्यम न्यायाधीशांची कोर्टे होती. दाव्यातील सर्वच कागद कायम राहत नाहीत. समन्स, अर्ज, किरकोळ पत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र पुष्कळ अधिक काळ जपतात. म्हणून आपल्या हाती बहुधा शेवट लागतो, मधले काही लागत नाही. दाव्याचा नंबर व साल असेल तर नक्कलेसाठी अर्ज करावा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि आपले नाते व कारण स्पष्ट लिहावे. नुसत्या नावावरून शोध घेणे फार कठीण, कारण नोंदवह्या सालवार असतात. आमच्या अर्जाला तिसऱ्या खेपेस यश आले.

निकाल दीड पानाचा आणि इंग्रजीत होता. सरांनी तो माझ्याबरोबर बसून वाचला. त्यातून निघालेली हकिगत अशी.

खापरपणजोबा परळच्या एका गिरणीत कामाला होते. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. पगार बंद झाल्यावर पुष्कळ कामगार बोटीने हर्णै-दाभोळला उतरून गावी गेले. खापरपणजोबाही गेले असावेत, कारण गहाणखताची तारीख त्याच पावसाळ्यातली आहे. दीडशे रुपयांवर बावीचा मळा त्यांनी चुलतभावाकडे गहाण टाकला. व्याज साचत गेले. १९३३ साली खापरपणजोबा वारले आणि पुढच्या वर्षी चुलतभावाने दावा लावला.

प्रतिवादी म्हणून ज्यांचे नाव आहे ते माझे पणजोबा. त्यांचे वय अकरा लिहिले आहे. नावापुढे ‘अज्ञान’, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेला, आणि राहण्याचे ठिकाण ‘हल्ली परळ, मुंबई’. जुन्या मराठी कागदांत अशा ठिकाणी ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती, असा त्यांचा अर्थ. येथे पालनकर्ती म्हणून त्यांच्या आईचे नाव दिले होते. आमच्या घरात त्या बाईचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते. वंशावळ सांगताना आजोबा पुरुषांची सात नावे सांगत; तीत एकही बाई नव्हती. तिचे नाव पहिल्यांदा कळले ते तिच्या मुलाविरुद्ध झालेल्या दाव्यातून.

समन्स गावच्या घराच्या दाराला चिकटविले गेले. दार बंद होते. आई-मुलगा परळला होते. आई कोर्टात हजर झाली नाही. अज्ञान प्रतिवादीला पालक असल्याशिवाय दावा चालत नाही, म्हणून कोर्टाने आपल्या नाझरालाच दाव्यापुरता पालक नेमले. अकरा वर्षांच्या माझ्या पणजोबांच्या वतीने कोर्टात उभे राहिले ते त्यांना कधीही न पाहिलेले एक गृहस्थ. त्यांनी सांगितले की आपणास काही माहिती नाही. हुकूमनामा झाला. पैसे न भरल्यामुळे मळा लिलावात निघाला आणि कोर्टाच्या परवानगीने चुलतभावानेच तो घेतला.

आणखी एक वाक्य त्या निकालात होते. मळ्याची वहिवाट सांगताना लिहिले आहे की तो मळा खापरपणजोबांच्या हयातीतच शेजारच्या वाडीतील एका कुटुंबाकडे अर्धेलीने होता. म्हणजे खापरपणजोबा गिरणीत, आणि मळ्यात राबणारे दुसरेच. आम्ही स्वतःला नेहमी खोताला अर्धेल देणाऱ्यांत धरीत आलो. येथे आम्ही अर्धेल घेणारे निघालो. हेच कुटुंब १९५७ नंतर मालक झाले.

बोटखत

शेवटी बोटखत पाहिले. ते मोडीत होते. मोडी वाचायला शिकविणारे वर्ग मुंबईत भरतात, मी त्यांपैकी एका वर्गाला जाऊ लागले आहे. पण हा उतारा मला तेथील शिक्षकांनीच वाचून दिला. खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव बावीच्या मळ्यापुढे ‘धारेकरी’ म्हणून स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच नावापुढे दुसऱ्या दोन नंबरांत ‘कायम कूळ’ अशी नोंद आहे. एकच माणूस एका शेताचा मालक आणि दुसऱ्या शेतात खोताचे कूळ होता.

तेव्हा आजोबांचे म्हणणे अर्धे खरे ठरले. मळा आपला होता. खोताने मात्र तो खाल्लेला नव्हता. माझ्या मते येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मळा कायम कुळाचा असता तर खोताच्या संमतीशिवाय तो गहाण टाकताच आला नसता. तो पूर्ण मालकीचा होता म्हणूनच त्यावर कर्ज मिळाले आणि म्हणूनच तो गेला.

मग खोताचे नाव गोष्टीत कोठून आले? याचा कागद नाही. मी फक्त तर्क करू शकते. गावात खोताचा जुलूम सर्वांनी पाहिला होता. त्याच्यावर आळ घेतला तर कोणी आश्चर्य करीत नसे. भावकीतल्याचे नाव घेतले असते तर गणपतीला एका घरात बसून आरती कशी करावी? नवरा नुकताच गेलेला, पोर अकरा वर्षांचे आणि गावात आधार म्हणून उरली ती भावकीच. कदाचित त्या माउलीनेच मुलाला गोष्ट अशी सांगितली असेल. पण लोक काय म्हणत आले हाही एक पुरावाच असतो. तो घटनेचा नसला तरी सांगणाऱ्याच्या अडचणीचा असतो, असे सरांनी सांगितले व ते मला पटते.

शोधाचे फलित

वडिलांनी एका वकिलांना कागद दाखविले. गहाण सोडविण्याची मुदत १९०८ च्या कायद्यात साठ वर्षांची होती, १९६३ च्या कायद्यात ती तीस वर्षांची झाली. पण हुकूमनामा होऊन लिलाव झाल्यावर सोडविण्यासारखे गहाणच उरत नाही. शिवाय आज मालक असलेल्या कुटुंबाने जमीन कायद्याने आणि पैसे भरून घेतली आहे. वकिलांनी हे दहा मिनिटांत सांगितले आणि फी घेतली नाही. घरी येताना वडील एवढेच म्हणाले, "बरं झालं, विचारून घेतलं ते." त्यानंतर त्यांनी मळ्याचा विषय काढला नाही.

आजोबांना सांगावे की नाही, यावर आमच्या घरी दोन आठवडे वाद झाला. आई म्हणे, ऐंशीच्या घरातल्या माणसाची गोष्ट कशाला मोडावी? मलाही तसेच वाटू लागले होते. पण कागद ट्रंकेत ठेवताना त्यांनीच ते पाहिले आणि वाचून दाखविण्यास सांगितले. मी सर्व वाचले. संपाचे साल ऐकल्यावर ते म्हणाले, "आमचा बी संपच." १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात आजोबांची गिरणी सुटली ती कायमची. त्यांच्याजवळ गहाण टाकायला मळा नव्हता. आजीची डोरली गेली. मग नाझराचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. शेवटी आजच्या मालकाचे नाव ऐकून म्हणाले, "राबत व्हते तेच. त्यांना ऱ्हाऊ दे." गेल्या शिमग्याला आम्ही गावी गेलो तेव्हा देवळात खोताच्या घरातील म्हाताऱ्या गृहस्थांना आजोबांनी स्वतःहून पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या गृहस्थांना कारण कळले नसावे.

माझ्या सहाध्यायांना दोन-तीन सूचना करून हा लेख पुरा करते. आजोबा-आजी आहेत तोवर त्यांच्याकडून शेतांची नावे, वाडीचे नाव, भावकीतील नावे लिहून घ्या; सर्व्हे नंबर नंतर शोधता येतो, नाव नंतर मिळत नाही. उताऱ्याच्या नकला घेताना फेरफाराचा क्रमांक टिपून ठेवा. आणि जे सापडेल ते घरच्या गोष्टीशी जुळले नाही तर ते लपवू नका, पण घाईने वाचूनही दाखवू नका.

ट्रंकेत आता मनिऑर्डरच्या पावत्यांशेजारी हुकूमनाम्याची नक्कल आहे. वंशावळीच्या कागदावर मी खापरपणजोबांच्या नावाशेजारी त्यांच्या पत्नीचे नाव लिहिले. आजोबांनी चष्मा लावून ते वाचले, आणि मग त्याखाली आपल्या आईचेही नाव लिहायला सांगितले.